मदरबोर्ड गेला!

पूर्वी वैद्यबुवांकडे काहीही घेऊन जा, डोकं घेऊन जा नाहीतर गुडघा, ते मनगटावर तीन बोटं ठेवायचे, डोळे मिटायचे आणि ‘वात’ म्हणायचे. पुढे डॉक्टर आले. ते ‘व्हायरल’ म्हणू लागले. आता लॅपटॉप दुरुस्त करणारे आले आहेत. ते ‘मदरबोर्ड’ म्हणतात.

‘मदरबोर्ड गेला, साहेब.’ हे वाक्य ज्या सुरात म्हटलं जातं, त्या सुराचे तरी दुकानदाराला वेगळे पैसे द्यावेत. आवाज खालचा, मान किंचित तिरकी आणि नजर बरोबर आपल्या खिशाच्या उंचीवर. मागच्या फळीवर नवेकोरे लॅपटॉप सांत्वनाला आलेल्या नातेवाइकांसारखे ओळीनं बसलेले. आता, माणूस गेला म्हटलं की ‘अरेरे! कशानं?’ असं विचारायची आपल्यात रीत आहे. मेलेल्याचा त्यात काही फायदा नसतो, पण विचारतात. मदरबोर्ड गेला म्हटल्यावर मात्र ‘कशानं?’ विचारायची रीत अजून पडलेली नाही. गिऱ्हाईक आवंढा गिळतं आणि ‘नवा कितीला?’ एवढंच विचारतं. आणि मौज अशी, की त्या एका ‘कशानं’मध्ये पुष्कळदा शेदोनशे रुपयांचं उत्तर दडलेलं असतं.

माझी या शास्त्रातली पात्रता सांगून टाकतो. बारीक स्क्रूड्रायव्हरांचा एक संच, एक मल्टिमीटर, एक चिमटा, आणि लग्नपत्रिकांचा मोठा साठा. पत्रिका कशाला, असं तुम्ही विचाराल. लॅपटॉपच्या पाठीला दहाबारा स्क्रू असतात आणि ते सगळे सारख्या उंचीचे नसतात. लांब स्क्रू आखूड भोकात पिळला, तर तो आत जाऊन भलत्याच वस्तूला टोचतो. म्हणून पत्रिकेच्या कोऱ्या बाजूवर लॅपटॉपची चौकट काढायची आणि जिथला स्क्रू तिथंच टोचून ठेवायचा. आमच्या कुटुंबातल्या कित्येक चि. आणि चि. सौ. कां. अशा रीतीनं स्थिरस्थावर झाल्या आहेत. एवढ्या भांडवलावर माझा धर्मार्थ दवाखाना चालतो. फी म्हणजे चहा. तोही रोग्याच्या लॅपटॉपपासून चार हात लांब. त्याचं कारण पुढे येईल.

दवाखान्यात येणारी पहिली तक्रार ठरलेली: ‘चालू होत नाही.’ ही तक्रार म्हणजे ‘मला बरं वाटत नाही’ म्हणण्यासारखीच. अहो, पण काय होतंय? दिवा लागतो का? पंखा फिरतो का? कानाशी धरला तर काही घुरघुरतं का? यावर लोक रागावतात. ‘बंद आहे म्हणजे बंद आहे, त्यात ऐकायचं काय?’ पण बंद असण्याचेही प्रकार आहेत. अजिबात दिवा लागत नसेल तर तो एक रोग, दिवा लागून पडदा काळा राहत असेल तर दुसरा, आणि चालू होऊन दहा मिनिटांनी मान टाकत असेल तर अगदीच तिसरा. हे तिन्ही रोगी एकाच रांगेत उभे राहतात आणि तिघांच्याही केसपेपरवर ‘मदरबोर्ड’ लिहिलेलं असतं.

दिवाच लागत नसेल तर मी भिंतीपासून सुरुवात करतो. घरातल्या सॉकेटवर लोकांची जी श्रद्धा असते ती काही और! तो सॉकेट ढिला आहे म्हणावं तर घरधन्याला तो कुळाचा अपमान वाटतो. सॉकेटनंतर चार्जर. चार्जरच्या पाठीवर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, १९ व्होल्ट, साडेएकोणीस व्होल्ट, असं काहीतरी. मीटरची एक टोची पिनेच्या आत आणि दुसरी बाहेरच्या कड्याला लावायची. एकोणीसच्या आसपास आकडा आला तर चार्जर निर्दोष. काहीच आला नाही तर वायरीचा गळा तपासायचा. चार्जरची वायर नेहमी गळ्याशी, म्हणजे जिथं ती डबीतून बाहेर पडते तिथं तुटते. कारण लोक ती प्रवासाला निघताना अशी आवळून गुंडाळतात की जणू वळकटीच बांधताहेत.

चार्जर ठीक असेल तर एक उपाय आहे, जो बघून माझा भाचा मला मांत्रिक समजतो. चार्जर काढायचा, बॅटरी बाहेर निघणारी असेल तर तीही काढायची, आणि चालू करायचं बटण तीस सेकंद नुसतं दाबून धरायचं. मग चार्जर लावून पुन्हा बटण. पुष्कळदा लॅपटॉप झोपेतून उठल्यासारखा उठतो. यात भुताटकी काही नाही. लॅपटॉप बंद केला तरी आत थोडीशी वीज साठून राहते, आणि वीजपुरवठ्यावर देखरेख करणारी एक लहानशी चिप कधीकधी भलत्याच समजुतीत अडकून बसते. साठलेली वीज संपली की तिची ती समजूत सुटते. माणसांना हे बटण नसतं म्हणून लग्नातले रुसवे वर्षानुवर्षं चालतात.

दुसरा रोग काळ्या पडद्याचा. आमच्या इमारतीतल्या चौथ्या मजल्यावरच्या काकांचा लॅपटॉप असाच एका दुकानातून ‘मदरबोर्ड’ हा शेरा घेऊन परत आला होता. दिवा लागत होता, पंखा फिरत होता, कान दिला तर आत संसार सुखाचा चालल्याचं ऐकू येत होतं. फक्त पडदा काळा. मी खोलीत अंधार केला आणि टॉर्च पडद्यावर तिरकी धरली. अंधारात, अगदी जुन्या फोटोच्या निगेटिव्हसारखं, पुसटसं चित्र दिसलं. म्हणजे चित्र आहे, त्याच्यामागचा उजेड गेलेला आहे. खात्री करावी म्हणून एक केबल त्यांच्या टीव्हीला जोडली. आणि काकूंच्या मालिकेत जिथं थोरली सून धाकटीच्या दुधात काहीतरी मिसळत होती, बरोबर त्या क्षणी पडद्यावर काकांचा महाबळेश्वरचा फोटो झळकला, कानटोपीसकट.

काकू म्हणाल्या, ‘आधी ते काढा!’

मी काकांना म्हणालो, ‘अभिनंदन! तुमचा मदरबोर्ड जिवंत आहे.’ टीव्हीवर जो चित्र पाठवतो तो मेलेला कसा असेल? दोष होता बिजागरीत. लॅपटॉपचं झाकण उघडायचं आणि मिटायचं, त्या बिजागरीच्या पोटातून पडद्याकडे एक चपटी केबल जाते. दिवसातून वीस वेळा वाकून वाकून ती बिचारी एक दिवस आतल्या आत तुटते. झाकण अमक्या कोनात धरलं की चित्र येतं आणि तमक्या कोनात जातं, असं होऊ लागलं की केबल निरोप पाठवते आहे असं समजावं. नवी केबल शेकड्यांत येते, नवा लॅपटॉप हजारांत. काकांनी उरलेल्या पैशांत काकूंना दुसरा टीव्ही घेऊन दिला. तेव्हापासून त्या घरात माझ्या विद्येला मान आहे.

काळ्या पडद्याचं दुसरं कारण म्हणजे रॅम, म्हणजे तात्पुरत्या आठवणींची पट्टी. ही खाचेत नीट बसलेली नसली किंवा तिच्या सोनेरी दातांवर काळिमा आला, की लॅपटॉपला आपण कोण हेच आठवत नाही. काही लॅपटॉप अशा वेळी शिट्ट्या मारतात, काहींचा एखादा दिवा ठरावीक वेळा लुकलुकतो. त्या मोजायच्या. कुकरसारखंच आहे, फक्त इथं प्रत्येक कंपनीचा भात वेगळ्या शिट्टीला होतो, म्हणून कंपनीचा तक्ता पाहावा लागतो. औषध मात्र एकच: कंपासपेटीतलं पांढरं खोडरबर. बॅटरी सुटी करावी, पट्टी कडेला धरून काढावी, सोनेरी दातांवरून खोडरबर अलगद फिरवावं, चुरा झटकावा, आणि पट्टी तिरकी आत सरकवून खाली दाबावी. दोन्ही बाजूंच्या चापांनी ‘टक्’ म्हटलं पाहिजे. हल्लीच्या पातळ लॅपटॉपांत ही पट्टी मदरबोर्डालाच कायमची डकवून टाकतात. तिथं खोडरबर काय करणार? बारीक होण्याच्या नादात माणसं काय काय गमावतात ते आपण बघतोच.

आठवणीवरून आठवलं. माझे एक पेन्शनर मित्र तक्रार घेऊन आले की त्यांचा लॅपटॉप रोज सकाळी काही वर्षं मागं जातो. रात्री बंद करताना तारीख बरोबर असते, सकाळी उघडावा तर थेट २०१५ साल. बँकेचं पान उघडत नाही, पेन्शनचं उघडत नाही. उघडणार कसं? प्रत्येक सुरक्षित पानाला एक प्रमाणपत्र असतं, त्यावर ते कधीपासून कधीपर्यंत खरं हे लिहिलेलं असतं. २०१५ सालात बसलेल्या लॅपटॉपला आजचं प्रमाणपत्र म्हणजे अजून जन्मालाच न आलेल्या माणसाची सही! कारण एवढंच, की बंद लॅपटॉपमधलं घड्याळ चालू ठेवायला आत नाण्याएवढा तीन व्होल्टचा सेल असतो, तो संपला होता. त्यावर २०३२ असा आकडा असतो. मित्राला वाटलं, तो तेवढ्या सालापर्यंत चालायला हवा होता आणि आपल्याला फसवलं. वास्तविक तो आकडा मापाचा: वीस मिलिमीटर रुंद, तीन पूर्णांक दोन मिलिमीटर जाड. सेल बदलून दिला. मित्र जरासे खट्टूच झाले. म्हणाले, ‘२०१५ साली गुडघे बरे होते हो.’

दहा मिनिटांनी मान टाकणारा रोगी हा तापाचा रोगी. लॅपटॉप या नावातच मुळी फसवणूक आहे. नावाप्रमाणे मांडीवर घ्यावा, तर मांडी पोटाकडच्या जाळ्या बुजवते. गादीवर ठेवावा, तर गादी त्याहून चांगल्या बुजवते. १९८१ साली ऑस्बोर्न नावाचा नेता-आणता येणारा संगणक बाजारात आला, त्याचं वजन अकरा किलो होतं आणि पडदा पाच इंची. तो मांडीवर घेतला असता तर दुरुस्ती मांडीची करावी लागली असती. आजचे हलके आहेत, पण तापतात. पाठ उघडून पाहिलं तर पंखा आणि त्याच्यापुढच्या तांब्याच्या पापुद्र्यांमध्ये धूळ, केस आणि लोकर यांची अशी घट्ट गादी जमलेली असते की पिंजाऱ्यानं मोल द्यावं. ती काढावी, आणि फुंकर मारताना पंख्याचं पातं काडीनं अडवून धरावं, नाहीतर ते भरमसाट गरगरून बिघडतं. प्रोसेसरवरची मलमासारखी पेस्ट वाळून चुन्यासारखी झालेली असते. ती पुसून नवी लावावी. जुन्या लॅपटॉपचा प्रोसेसर साधारण शंभर अंशांच्या आसपास पोहोचला की जीव वाचवायला स्वतःच सगळं बंद करतो. ह्याला आपण बिघाड म्हणतो! उन्हातून आलेला माणूस माठाजवळ बसला तर त्याला काय बिघडला म्हणाल?

आता चहा. पाणी सांडलेला लॅपटॉप पुष्कळदा वाचतो, चहा सांडलेला कमी वेळा. आपला चहा म्हणजे नुसतं पाणी नव्हे. त्यात दूध असतं, साखर असते, आल्याचा रस असतो. तो वाळला तरी साखर चिकटून राहते आणि बारीक तांब्याच्या रेषा हळूहळू कुरतडते. सांडताक्षणी चार्जर काढा, बटण दाबून धरून बंद करा, आणि उघडी पोथी पालथी घालावी तसा उलटा ठेवा. चालू करून ‘बघू बरं, चालतोय का’ हा मोह टाळा. एवढ्यानं कितीतरी जीव वाचतात. पण नाही. घरात कुणीतरी तांदळाचा डबा आणतंच. तांदूळ पाणी शोषतात म्हणे! अहो, शोषत असते तर पावसाळ्यात डब्यातल्या डब्यात भात झाला असता. २०२४ साली ॲपल कंपनीनंदेखील ‘ओला फोन तांदळात घालू नका, कण आत जातात’ असं लेखी कळवलं. आमच्या शेजारी मात्र अजून इंद्रायणी की आंबेमोहोर यावरच वाद चालू आहे.

की-बोर्डाची एखादी कळ रुसणं, बिजागरीचे स्क्रू प्लॅस्टिकमधून उपटून येणं, हे किरकोळ रोग. त्यांवर वेळ घालवत नाही. बॅटरी फुगणं मात्र थट्टेचा विषय नाही. बोट फिरवायची पाटी वर उचलली गेली, झाकण नीट मिटेनासं झालं, की लोक वर पुस्तकं रचून ते दाबायला बघतात. दाबू नका, टोचू नका, चार्ज करू नका. बंद करा आणि जाणत्या माणसाकडून काढून घ्या. आतल्या लिथियम बॅटरीत वायू धरलेला असतो आणि तो पेटू शकतो. ह्या बॅटरीच्या शोधाबद्दल २०१९ साली तिघांना नोबेल मिळालं, त्यातले गुडइनफ सत्त्याण्णव वर्षांचे होते. नोबेल मिळवणारे आजवरचे सर्वांत वयस्क गृहस्थ. बॅटरी मात्र चारपाच वर्षांतच म्हातारी होते. शोधणाऱ्यानं आपला गुण तिला दिला नाही.

हे सगळं इतकं लांबण लावून सांगितलं ते अक्काच्या लॅपटॉपसाठी.

अक्का म्हणजे माझी थोरली बहीण. वाईला असते, शाळेत मराठी शिकवून निवृत्त झाली. विश्वकोशाचं गाव असल्यामुळे असेल, पण वाईत निवृत्त झालेल्या माणसाला काहीतरी गोळा केल्याशिवाय चैन पडत नाही. अक्का ओव्या गोळा करते. जात्यावरच्या. पसरणी, बावधन, मेणवली, आसपासच्या वाड्या. पायी, एसटीनं, कुणाच्या मोटरसायकलवर मागं बसून. गिरणी आल्यावर जाती जिन्याखाली गेली, पण ओव्या म्हाताऱ्यांच्या गळ्यातच राहिल्या. नुसतं ‘म्हणा’ म्हटलं की त्यांना आठवत नाही. मग अक्का जिन्याखालून जातं काढायला लावते आणि रिकामंच फिरवायला सांगते. खुंट्याला हात लागला की ओवी येते. ती फोनवर टिपून घ्यायची, घरी येऊन लॅपटॉपवर चढवायची, मग ऐकून ऐकून टंकायची. फोनला जागा नव्हती म्हणून फोनमधली पुसून टाकायची. अशा अकराशेच्या वर ओव्या झाल्या होत्या. आणि म्हणणाऱ्यांतल्या दोघीजणी दरम्यान वारल्या होत्या.

एका संध्याकाळी अक्काचा फोन आला. लॅपटॉप बंद पडला म्हणून जवळच्या शहरातल्या एका दुकानात नेला होता. ‘मदरबोर्ड गेला म्हणतात. आतलं सगळंच गेलं, नवा घ्या म्हणतात.’

मग थोडा वेळ काहीच बोलली नाही. मग म्हणाली, ‘म्हणजे त्या दोघी पुन्हा गेल्या का रे?’

अक्का रडणाऱ्यांतली नाही. शाळेत तिचा दरारा असा, की घंटासुद्धा तिच्या तासाला वेळेवर व्हायची. म्हणून तो प्रश्न मला जास्त लागला. मी म्हणालो, ‘उद्याच्या पहिल्या एसटीनं ये. आणि त्याला कुणाच्या हातात देऊ नकोस.’

वाईपासून स्वारगेटपर्यंत तो लॅपटॉप गोधडीत गुंडाळून तिनं मांडीवर आणला. नाव सार्थ झालेला तो एकच लॅपटॉप मी पाहिला.

चार्जर भिंतीला लावला. त्याचा दिवा लागला. पिन लॅपटॉपला जोडली, दिवा विझला. काढली, लागला. जोडली, विझला. अक्का म्हणाली, ‘तुझं खेळणं झालं की सांग.’ पण एवढ्यात निम्मं निदान झालं होतं. आत कुठंतरी विजेला सरळ जमिनीकडे पळून जायला वाट सापडली होती, म्हणजे शॉर्ट होता. आणि शहाणा चार्जर चटका बसल्यावर हात मागे घ्यावा तसा पुरवठा तोडत होता. म्हणजे दुकानदार अगदीच खोटं बोलला नव्हता. दोष मदरबोर्डावरच होता. पण हे म्हणजे ‘अपघात कुठं झाला?’ विचारल्यावर ‘महाराष्ट्रात’ असं सांगण्यासारखं झालं.

आणि ‘आतलं सगळंच गेलं’ ही तर निव्वळ थाप. ओव्या मदरबोर्डात नसतात, डिस्कमध्ये असतात. घराची वीज गेली म्हणून कपाटातल्या साड्या जात नाहीत. मी पत्रिकेवर स्क्रू टोचले, पाठ उघडली आणि अडीच इंची डिस्क काढून अक्काच्या तळहातावर ठेवली. आयबीएमनं १९५६ साली पहिली डिस्क बाजारात आणली, तिच्यात दोन फूट व्यासाच्या पन्नास तबकड्या होत्या, वजन टनाच्या वर, आणि त्यात मावत होतं जेमतेम आजच्या एका गाण्याएवढं. अक्काच्या तळहातावर अकराशे ओव्या होत्या आणि वर पुष्कळ जागा शिल्लक होती.

डिस्क एका लहान डबीत बसवून माझ्या लॅपटॉपला जोडली. इथं कान द्यायचा. तबकडी मिनिटाला पाच हजार चारशे वेळा फिरते आणि तिच्यावरून वाचणारं डोकं तिला न टेकता, केसाच्या जाडीहून कितीतरी कमी अंतरावरून तरंगत जातं. ‘टक... टक... टक...’ असा ठेका ऐकू आला तर तत्काळ बंद करावं आणि डेटा काढणाऱ्या खास माणसाकडे जावं. घरी उघडून बघणं म्हणजे शेवटचं दर्शन. अक्काच्या डिस्कनं ठेका धरला नाही. नुसती संथ गुणगुण. नव्या लॅपटॉपांत डिस्कला आतून कुलूप घातलेलं असतं आणि अट्ठेचाळीस आकड्यांची किल्ली मागतात; ती आधीच लिहून ठेवलेली बरी. अक्काचा लॅपटॉप जुन्या वळणाचा, दाराला कडीसुद्धा नव्हती. गावांच्या नावांचे फोल्डर एकाखाली एक उभे राहिले.

अक्कानं मेणवली उघडायला सांगितलं. आधी एक कोंबडा आरवला. मग कुणीतरी लांबून ‘अगं, म्हस सुटली!’ म्हणून ओरडलं. मग खोकला, मग जात्याची रिकामी घरघर, आणि त्या घरघरीवर तो आवाज आला.

मी काही म्हणणार होतो, तर अक्कानं हात वर केला. ‘थांब. ह्या पुढच्या ठिकाणी ती हसते.’

ती हसली. अक्कापण हसली, आणि चष्मा पुसायला आत गेली.

त्या रात्री दोन नकला केल्या. एक माझ्याकडे आणि एक तिच्याकडे. तिनं ती तूरडाळीच्या डब्यात ठेवते म्हणून सांगितलं, कारण चोर डाळ नेत नाहीत. डाळ कोरडी असते म्हणून मी वाद घातला नाही.

ओव्या वाचल्या, आता नवा लॅपटॉप घेऊ, असं मी म्हणालो. अक्का म्हणाली, ‘ह्याच्यावरचा ‘ळ’ कुठं आहे ते माझ्या बोटांना ठाऊक आहे. नव्यावर मी शोधत बसू?’ यावर उत्तर नव्हतं. माझ्या खोडरबराची हद्द इथं संपत होती, म्हणून आम्ही तपकीर गल्लीच्या बाजूला एका मुलाकडे गेलो. दुकान कसलं, जिन्याखालची जागा. एखादं जातं मावावं एवढीच. पण तिथं एक सूक्ष्मदर्शक होता, आणि मुलगा बोलण्याआधी बघत होता.

त्यानं मीटरच्या टोच्या लावल्या. मीटर ‘पीं’ करून ओरडलं. शॉर्ट. मग त्यानं जे केलं ते मी दहा वेळा बघायला तयार आहे. बोर्डाला बाहेरून फक्त एक व्होल्ट वीज दिली आणि ब्रशनं त्यावर स्पिरिट फासलं. सगळा बोर्ड ओला, चकचकीत. ‘आता बघा,’ म्हणाला. विजेला जिथं चोरवाट सापडते तिथं ऊब धरते. आणि जिथं ऊब, तिथलं स्पिरिट सगळ्यात आधी उडून जातं. दोनचार सेकंदांत त्या ओल्या बोर्डावर एकच ठिपका कोरडा पडला. ठिपक्याच्या मधोमध तिळाएवढा, गुळाच्या रंगाचा एक कपॅसिटर. ही विजेची गच्चीवरची टाकी: थोडी साठवायची, लागेल तशी सोडायची. टाकीला तडा गेला होता आणि सगळं पाणी मोरीत चाललं होतं.

‘एवढासा?’ अक्का म्हणाली.

‘एवढासाच, मावशी.’ त्यानं गरम हवेच्या गननं तो सोडवून चिमट्यानं उचलला. मीटर गप्प. मग एका मेलेल्या बोर्डावरून तसाच दुसरा काढून तिथं बसवला, अवयवदान म्हणायचं. चार्जर लावला. दिवा लागला, आणि लागलेला राहिला. बिल झालं आठशे रुपये.

अक्कानं पैसे मोजून दिले, पण खात्री केल्याशिवाय उठेल ती अक्का कसली! तिथंच स्टुलावर बसून तिनं एक फाईल लावली. कोंबडा, म्हैस, खोकला, जातं. त्या जिन्याखालच्या जागेत ओवी सुरू झाली तसा मुलाचा चिमटा हातातच राहिला. मागं तीन गिऱ्हाइकं आपापले लॅपटॉप छातीशी धरून उभी होती; त्यातलं एक घड्याळ बघत होतं, तेही बघायचं थांबलं.

‘मावशी, आमची आजी हे म्हणते,’ मुलगा म्हणाला. ‘चाल वेगळी आहे जरा. माजलगावला असते.’

‘तिच्याकडे फोन आहे?’

‘चुलत्याकडे आहे.’

‘लाव,’ अक्का म्हणाली. आणि तो नंबर शोधेपर्यंत तिनं नवा फोल्डर उघडून नाव टंकायला घेतलं होतं. मध्येच बोट थांबवून तिनं वर पाहिलं.

‘माजलगाव. ‘ल’च ना रे बाळा, ‘ळ’ नव्हे?’